दाराला चिकटवलेली नोटीस

नाना, तुमच्या दहाव्याला तापीच्या घाटावर भास्करभाई बोलले. सवयीने मी ते टिपून घेतलं. "प्लेगात सगळं लिंबायत पळालं, पण आमचे सुकलाल नाना जागचे हलले नाहीत. असा माणूस आता होणे नाही." मग वॉर्डातल्या पोटनिवडणुकीबद्दल आज बोलणं बरं दिसत नाही असं म्हणून ते तिच्याबद्दलच पाच मिनिटं बोलले.

पहिलं वाक्य खरं आहे. पण तीन वर्षांपूर्वी याच माणसाने मतदार यादीच्या हरकतीच्या फॉर्मवर, स्वतःच्या सहीने, लिहून दिलं होतं: सदर इसम प्लेगच्या वेळी सुरत सोडून गेला, परत आलेला नाही, नाव वगळावे. त्या फॉर्मची नक्कल घाटावर माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही. दया आली म्हणून नव्हे. वेळ आली नव्हती.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. सांगितली असती तर तुम्ही मला ती करू दिली नसती, म्हणून राहू दिली. आता सांगतो, पण क्रमाने. माझ्या बातमीत क्रम चुकला की तुम्ही म्हणायचात, "भाऊ, धागा तुटना, मांगे ये."

म्हणून प्लेगापासून. चौऱ्याण्णवच्या त्या आठवड्यात सुरतेत आपल्या लिंबायत वस्तीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद पडले आणि रात्रंदिवस चालणारी खडखड थांबली. गल्ली इतकी शांत झाली की पाण्याचा नळ ऐकू यायचा. तुम्ही मात्र लूमवर बोलायचा त्याच आवाजात बोलत राहिलात. तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. तुमची गुपितंसुद्धा चाळीच्या दुसऱ्या टोकाला कळायची. लोक तोंडाला रुमाल बांधून, मिळेल त्या ट्रकने कडोदऱ्याच्या बाजूने खान्देशला निघाले. जाताना ज्याने त्याने आपल्या खोलीची किल्ली तुमच्याकडे दिली. कुणाची कुठली ते कळावं म्हणून तुम्ही प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा धागा बांधलात. आणखी काही नसलं तरी धागे लिंबायतमध्ये हवे तेवढे होते. मी बातमीदार, मला थांबणं भाग होतं. तुम्ही का थांबलात, असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंग किल्ल्या कोन सांभाळी?"

भास्करची किल्लीही त्यात होती. तो पहिल्याच दिवशी जीपने गेला आणि दिवाळी उलटल्यावर परतला.

त्याच्या नावाला 'भाई' नंतर लागलं. तुम्ही दोघं पारोळ्याकडून एकाच एसटीने सुरतेला आलात आणि तीन वर्षं एका खोलीत एकाच गोधडीवर झोपलात. तुमची रातपाळी, त्याची दिवसपाळी. तो उठायचा तेव्हा तुम्ही आडवे व्हायचात. पुढे तो मुकादम झाला, मग वॉर्डातल्या पुढाऱ्याचा माणूस झाला. तुमची पाठ कुठे टेकते हे या शहरात सगळ्यात चांगलं ठाऊक असलेला माणूस तोच होता. म्हणून त्या सहीला मी चूक म्हणत नाही. तुम्ही चूक म्हणायचात, शेवटपर्यंत म्हणायचात. "त्याले कोनीतरी सांगं व्हई," त्याला कुणीतरी सांगितलं असेल. त्याच्या बाजूने तुम्ही जितक्या वेळा बोललात, तितक्या वेळा मी आतून टणक झालो.

त्या सहीमागचं कारण तुम्हालाही माहीत होतं. निवडणूक जवळ आली होती. गल्लीतल्या सगळ्यांच्या मतदानाच्या चिठ्ठ्या एकगठ्ठा आपल्याकडे द्याव्यात, असा त्याचा निरोप आला. तुम्ही उलट निरोप दिलात की ज्याची चिठ्ठी त्याच्या हातात.

यादी वाचायची पद्धत तुम्ही सुरू केलीत. सरकारने ती सांगितलेली नव्हती. सरकारी यादी कार्यालयाच्या भिंतीवर लागायची, गुजरातीत, आणि आपल्या लोकांना सुटीच्या दिवशी ते कार्यालय बंद मिळायचं. तुम्ही तिची प्रत आणायचात. सकाळी सात वाजता पाळी बदलताना, रातपाळीचे डोळे चोळत बाहेर आणि दिवसपाळीचे डबे घेऊन आत जायच्या मधल्या वेळात, चौकातल्या पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर उभे राहून तुम्ही ती वाचायचात. खोली, नाव, वय. लूमने बिघडवलेला तुमचा आवाज तिथे कामी यायचा. लोक थट्टा करायचे. एकाने विचारलं, "नाना, माझ्या सासूचं नाव उडालं का? उडालं असेल तर पेढे वाटतो." तुम्ही चष्मा न उचलता म्हणालात, "आहे. वय बेचाळीस लावलंय. तुझ्याहून लहान." दिवसपाळीला त्या दिवशी उशीर झाला.

प्लेगानंतरची सुधारलेली यादी वाचताना तुम्ही आपल्या चाळीवर आलात. खोली अकरा वाचलीत. खोली बारा तुमची. तुम्ही वाचलंत, "जिजाबाई, पती सुकलाल." आणि थांबलात. मागचं पान पाहिलंत, पुढचं पाहिलंत. तुमचं नाव यादीत होतं, पण नानींच्या नावापुढे, पती म्हणून. मतदार म्हणून नव्हतं. बायको सुरतेत आणि नवरा प्लेगात परागंदा, अशी ती नोंद झाली. मी समोर उभा होतो. तुम्ही खोली तेरा वाचायला घेतलीत आणि शेवटच्या खोलीपर्यंत वाचलीत. त्या दिवशी गल्लीतली आणखी बरीच नावं निघालेली सापडली, सगळी प्लेगात गेलेल्यांची, पण परत आलेल्यांची. कधी न गेलेला माणूस त्यात एकच होता.

कार्यालयात मी रजिस्टर पाहिलं. नाव काढण्याआधी माणसाला नोटीस द्यावी लागते. तुमच्या नावापुढे लिहिलं होतं: नोटीस दाराला चिकटवली. नाना, त्या आठवड्यात तुमच्या खोलीला दार नव्हतं. वाळवी लागली म्हणून तुम्ही ते उतरवून जवळच्या पर्वत पाटिया भागातल्या सुताराकडे टाकलं होतं आणि चौकटीला नानींची जुनी साडी बांधली होती. मी शिपायाला विचारलं, नोटीस साडीला चिकटवली काय? तो सरळ माणूस होता. म्हणाला, "साहेब, रजिस्टरमां तो दरवाजो ज लखाय." रजिस्टरात दारच लिहायचं असतं.

त्या तपासाचं श्रेय तुमचं. मी कागद वाचून बातमी करणारा. लिहिण्याआधी दार बघून ये, हे मला कुठल्याही संपादकाने शिकवलं नाही.

नाव परत घालायचा अर्ज केला, सुनावणी लागली. रिक्षात मी तुम्हाला चारदा सांगितलं की साहेब घर कुठे विचारतील, लिंबायत म्हणायचं, खोली बारा म्हणायचं, पुढे एक शब्द नाही. तुम्ही मान हलवलीत. आत साहेबांनी फाइलमधून डोकं न काढता विचारलं, "तमारुं घर क्यां?" तुम्ही गावाचं नाव सांगितलंत. तालुका सांगितलात. घराला लागून कुणाचं खळं आहे तेही सांगितलंत. साहेबांनी लिहिलं की अर्जदार स्वतःच घर परगावी असल्याचे सांगतो, सबब येथील सर्वसाधारण रहिवासी नाही. चहाचा कप निवायला लागतो तेवढ्या वेळात तुमचा निकाल लागला.

बाहेर येऊन मी तुमच्यावर ओरडलो. तीन वर्षांत मी तुमच्याशी तेवढंच एकदा वाईट बोललो. तुम्ही मला ओरडू दिलंत.

"घर ईचारं, ते घरच सांगसू ना भाऊ," तुम्ही म्हणालात. "मी ऱ्हास कोठे, अस कोठे ईचारं त्यानी?" राहतो कुठे, असं त्याने कुठे विचारलं?

मी म्हटलं, एका शब्दाचा प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, बाप ज्या घरात गेला ते मतासाठी नाकारू? आणि मी नाकारलं तरी उपयोग काय. साक्रीचा, शिरपूरचा, अमळनेरचा, वीस वर्षं इथे लूम चालवणारा कुठलाही माणूस पुढे उभा करा आणि घर विचारा. तो गावच सांगणार. इथे मी कामाला आहे, असंच म्हणणार. त्या सगळ्यांना रिक्षात बसवून कोण पढवणार? माणसं पढवू नका, प्रश्न बदला.

हा वाद आपला कधीच मिटला नाही. माझं म्हणणं होतं, आधी नाव चढवा, कायद्याचं मग बघू. तुमचं म्हणणं होतं, मग कुणी बघत नाही. मतदानाच्या दिवशी तुम्ही शाळेच्या बाहेर टेबल टाकून सकाळपासून लोकांना त्यांचे अनुक्रमांक शोधून देत बसलात. संध्याकाळी बोटावर शाई नसलेला माणूस त्या टेबलाशी एकच होता. भास्कर तिथून दोनदा गेला. दुसऱ्यांदा त्याने "कसं काय नाना" म्हटलं. तुम्ही "बरं आहे" म्हणालात. मला अजून कळत नाही तुम्ही असं कसं म्हणू शकलात.

त्यानंतर तुम्ही वही केलीत. दोनरेघी, शाळेतल्या पोरांची असते तशी. कायदा कसा असावा ते तुम्ही त्यात लिहीत गेलात आणि मी भाषा नीट करत गेलो. माणसाला घर विचारू नये. झोपतो कुठे, कामाला कुठे जातो आणि कधीपासून, ते विचारावं, आणि शेजारच्या दोघांना विचारावं. नोटीस हातात द्यावी, घेतल्याची सही किंवा अंगठा घ्यावा, नाही मिळाला तर नाव काढू नये. यादी पाळी बदलताना वस्तीत वाचावी. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: जो दुसऱ्याचं नाव काढायला सांगतो त्याने त्याच्या समोर उभं राहून सांगावं. मी म्हटलं, नाना, या शेवटच्या अटीने कुणी हरकत घ्यायलाच येणार नाही. तुम्ही म्हणालात, "नको येऊ दे."

तुम्ही हे निवडणूक खात्याला पाठवलंत, मंत्र्यांना पाठवलंत, दिल्लीला पाठवलंत. पोच आली. दोन पोचपावत्या तुम्ही वहीला टाचून ठेवल्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात, पत्रिका दाखवावी तशा.

आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी तुम्ही खाटेला खिळलात. डॉक्टर आधी क्षय म्हणाले, मग म्हणाले छातीत कापसाची धूळ बसली आहे. त्याच सुमारास मी तिकडे पारोळ्याला, तुमच्या भागात, एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची बातमी करायला गेलो होतो. सवयीने यादी चाळली. भास्करभाईंचं नाव तिथे होतं, गावच्या घरासकट. सुरतेतही होतं. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, हे त्याला तुमच्या-माझ्याइतकंच माहीत होतं. मी सुरतेला परतलो, हरकतीचा फॉर्म घेतला आणि भरला. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. सही माझी.

काही दिवसांनी रजिस्टर पाहिलं. नोटीस दाराला चिकटवली, असं लिहिलं होतं.

मी दार बघायला गेलो. भास्करभाईंच्या नव्या घराला पितळी कडी आहे. चौकटीवर लिंबू-मिरची आहे. नोटीस नव्हती, खळीचा डागसुद्धा नव्हता. मला त्याला सांगता आलं असतं. कार्यालयाला सांगता आलं असतं. तुमची वही मीच तर शुद्ध करून लिहीत होतो, नोटीस हातात द्यावी हे वाक्य माझ्याच अक्षरात आहे. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि निघून आलो. संध्याकाळी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून विचारलंत, काय खबर? मी म्हटलं, काही नाही. तुमच्याशी मी खोटं बोललो ते तेवढंच.

त्याचं नाव निघालं. त्याने पाहिलं नाही. दुसऱ्यांची नावं काढणारा माणूस स्वतःचं आहे का ते बघत नाही. तुम्ही गेलात, तो दहाव्याला बोलला, आणि चार दिवसांनी त्याने वाजतगाजत उमेदवारी अर्ज भरला.

महापालिकेला उभं राहायचं तर शहराच्या यादीत नाव लागतं. छाननीच्या दिवशी अधिकाऱ्याने यादी उघडली, बोट फिरवलं, पान उलटलं, परत फिरवलं. मी पत्रकारांच्या बाकावर होतो. भास्करभाई आधी हसले, मग गुजरातीत बोलले, मग आवाज चढला तसे मराठीत आले.

"मला कुणी विचारलं नाही. दाराला कागद नाही. माणसाचं नाव असं परस्पर काढतात? काढणाऱ्याने समोर तरी यावं की नाही?"

मी उभा राहिलो. "मी काढलं," म्हटलं.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातात नक्कल दिली, तुमच्या नावाची, त्याच्या सहीची. त्याने ती वाचली. बराच वेळ वाचली, एवढा मजकूर त्यात नाही. मग हळू विचारलं, "म्हाताऱ्याने सांगितलं होतं?"

"नाही. नानांना माहीत नव्हतं."

अर्ज फेटाळल्याची बातमी मी सहा ओळींत दिली. हरकत कुणी घेतली तेही लिहिलं, माझ्या नावासह. संपादकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, तथ्य आहे. नाना, मला आनंद झाला. तुमच्यासमोर ते बोलता आलं नसतं म्हणून इथे लिहितो. तो आनंद अजून आहे. त्या आनंदाखाली तुमच्या जागेची पोकळी तशीच आहे, हेही खरं. पण म्हणून तो कमी होत नाही.

परवा तो माझ्या कार्यालयात आला. एकटा, पांढऱ्या कपड्यांत नाही. समोर बसला आणि म्हणाला की तो हायकोर्टात जातोय. त्याच्या वकिलाचं म्हणणं, एका उमेदवाराच्या तक्रारीने काही होणार नाही. पण नोटीस न देता नावं जातात हे आधीपासून कुणी लेखी मांडत आलेलं असेल, त्याच्या पोचपावत्या असतील, तर नियमच बदलायला लावता येईल. भास्करभाईंकडे वकील आहे, पैसा आहे, गांधीनगरला ओळख आहे. तुमच्याकडे यातलं काही नव्हतं. त्याने तुमची वही मागितली.

"नानांचंच काम होईल ना," तो म्हणाला. तेही खरं आहे. मला त्याचा सगळ्यात जास्त राग त्या क्षणी आला.

मी नानींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दी टाक. पन आधी त्याले चौकमा उभा राहीसन सांगू दे, यास्नं नाव मी काढं. सात वाजता. सगळास्ना समोर."

मी तो निरोप त्याला दिला. पाळी बदलताना, टाकीच्या ओट्यावर उभं राहून, प्लेगात सुकलाल कुठेही गेला नव्हता, मी खोटं लिहिलं, एवढंच बोलायचं. मग वही त्याची.

तो म्हणाला, "पत्रकार, ते बोललो तर पुन्हा एक खान्देशी माणूस मला दारात उभा करणार नाही. कोर्टात लिहून देतो ना. पाहिजे तसं लिहून देतो."

"लिहून तुम्ही आधीही दिलंय," मी म्हटलं.

तो उठून गेला. वकिलाला कागद या आठवड्यात हवेत, असं जाताना सांगून गेला. आज शुक्रवार. सकाळी सात वाजता मी चौकात जाऊन आलो. तो नव्हता.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तो दारात आला त्याच वेळी तुम्ही वही त्याच्या हातात दिली असती आणि वर चहा पाजला असता. कायदा कुणाच्या हातून होतो हे बघू नये, प्रश्न बदलला की झालं, असं तुम्ही म्हणाला असतात. मी ओरडलो असतो, तुम्ही ओरडू दिलं असतं, आणि शेवटी पोचपावत्या नीट टाचून देण्याचं काम माझ्याकडेच आलं असतं.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. खणाला कुलूप आहे. तुम्ही असतात तर माझं काही चाललं नसतं. आता चालतं.